वैवाहिक स्थिती : विभक्त

"हसायचं नाही," ती कॅमेऱ्यामागून म्हणाली.

"नाही हसत," तो म्हणाला आणि हसला.

तिच्या स्टुडिओत दिवसाला वीस-पंचवीस जण पासपोर्टचे, परवान्याचे फोटो काढून घ्यायला येत. मान सरळ, ओठ मिटलेले, चेहरा कोरा, की झालं काम. हा मात्र सहावा फोटो बिघडवत होता. परदेशात लिफ्ट दुरुस्त करायचा, सुट्टीवर आला होता, तिथला कामाचा परवाना वाढवायला फोटो हवा होता. केस नीट बसावेत म्हणून बाहेरच्या नळावर डोकं भिजवून आला होता आणि पाणी कानामागून शर्टात उतरत होतं.

"अहो, एवढं हसण्यासारखं काय आहे इथे?"

"तुम्ही बटण दाबायच्या आधी भुवई उडवता ना... एकच. डावी."

"मग डोळे मिटून घ्या."

"मिटलेल्या डोळ्यांचा फोटो चालतो?"

"नाही चालत."

"मग बघावंच लागणार," तो म्हणाला. "नियमच आहे."

सातव्या फोटोला हसू फुटलं — तिला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो न्यायला आला, ते ठीक. तिसऱ्या दिवशी जास्तीच्या प्रती हव्या होत्या. चौथ्या दिवशी काही कारणच सुचलं नाही, तेव्हा नुसताच येऊन स्टुलावर बसून राहिला. पाच आठवड्यांत दोघं विवाह नोंदणी कार्यालयात उभे होते. तिच्या वडिलांमागे घरातला शब्द मामांचा, आणि मामांनी साक्षीदार व्हायला साफ नकार दिला. "सुट्टीतलं लग्न आहे हे," ते म्हणाले. "सुट्टी संपली की संपलं." तिने त्यांच्याशी हुज्जत घातली नाही. शेजारच्या शिंप्याला साक्षीला घेऊन गेली.

तो नोकरीवर परत गेला आणि बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज सुरू झाला. त्याने तिकडून आपला भाग भरला, तिने इकडून आपला. आठ महिने सगळं शांत. मग एक पत्र आलं. ते मामांनी फोडलं, कारण घरात येणारं प्रत्येक पाकीट आपल्यासाठीच असतं अशी त्यांची समजूत होती.

"अर्जदार पत्नीने आपली वैवाहिक स्थिती 'विवाहित' अशी दिली आहे. तिला बोलावणाऱ्या पतीने मात्र 'विभक्त' या चौकटीत खूण केली आहे. तीस दिवसांत खुलासा न आल्यास अर्ज फेटाळण्यात येईल."

"घे," मामा म्हणाले. "त्यानेच लिहून दिलंय. आता तरी डोळे उघड. चारचौघांत हसं व्हायच्या आत आटप हे सगळं."

आई भिंतीला टेकून खालीच बसली. तिलाही रडू येत होतं, खोटं कशाला बोला. पण मामांसमोर रडायचं? मुळीच नाही.

"त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी यातलं एक अक्षर मानणार नाही," ती म्हणाली आणि फोन घेऊन गच्चीवर गेली.

"तू 'विभक्त' लिहिलंस?"

"हो," तो लगेच म्हणाला. "का गं? राहतोच ना आपण वेगळे? मी इथे, तू तिथे. खोटं काही लिहायचं नाही, असं तूच बजावलं होतंस. आणि शाळेत नव्हतं का... एकत्र कुटुंब, विभक्त कुटुंब?"

तिला हसू आवरेना.

"अरे बैलोबा," ती म्हणाली, "विभक्त म्हणजे नवरा-बायकोचं बिनसलं, संसार मोडला. नुसते लांब राहणारे विवाहितच असतात. कोण कुठे राहतं ते पुढच्या पानावर विचारलंय. इथे नातं विचारतात."

"म्हणजे मी तुला सोडलं... असं मी सरकारला कळवलं?"

"सहीनिशी."

"मग आता? माफी मागू? म्हणशील त्याच्या पाया पडतो."

"खबरदार. चूक झाली एवढं लिही आणि दुरुस्ती पाठव. बाकीचं मी लिहिते."

ती जेवणाच्या टेबलावर लिहायला बसली आणि मामा खांद्यावरून वाचू लागले.

"माझ्या पतीने शब्दाचा अर्थ न कळल्यामुळे चुकीची खूण केली. आम्ही विवाहित आहोत. आमचं नातं एक दिवसही तुटलेलं नाही. लग्नाचा दाखला, आठ महिन्यांची पत्रं आणि फोनची यादी सोबत जोडली आहे. आम्ही वेगळे राहतो, हे मात्र खरं आहे. पण ते आमच्या मनाने नाही. आम्हाला वेगळं ठेवलंय ते तुमच्याकडून अजून न झालेल्या एका सहीने."

मामांनी कपाळाला हात लावला. "सरकारी माणसाला असं लिहितात? शेवटचं तरी खोड. पायावर धोंडा पाडून घेशील."

"खरं आहे की नाही, तेवढं सांगा."

मामा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "खरं आहे," ते म्हणाले. "म्हणून तर भीती वाटते."

तिने एक शब्दही खोडला नाही. एक प्रत त्यालाही पाठवली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"वाचलं... तीनदा. एक विचारू? 'एक दिवसही तुटलेलं नाही', हे त्यांना पटावं म्हणून लिहिलंस, की..."

"की काय?"

"की तसंच आहे?"

"तुला तोंडाने ऐकायचंय."

"आठ महिने झाले. तेवढा तरी हक्क आहे माझा."

"प्रेम आहे माझं तुझ्यावर," ती म्हणाली. "ते कुणाच्या खुलाशावर अवलंबून नाही. आता ठेव, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं असेल."

उत्तर यायला दहा आठवडे लागले. खुलासा मान्य, अर्ज मंजूर, बस्स, एवढंच. या वेळी मामांनी पाकीट न फोडता तिच्या हातात दिलं आणि बघत उभे राहिले.

तिकडे विमानतळावर तिच्या पुढ्यात पासपोर्ट तपासणीची खिडकी होती, आणि खिडकीत एक थकलेली बाई. त्या बाईच्या मागच्या काचेपलीकडे, गर्दीत टाचा उंचावून, तो उभा होता.

"वैवाहिक स्थिती?" बाईने मान वर न करता विचारलं.

"विवाहित," ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रांगेतले चार लोक वळून बघायला लागले.

"राहणार कुठे?"

"एकत्र."

बाईने आता मान वर केली. "पत्ता विचारतेय मी."

"तोही सांगते," ती म्हणाली. "पण आधी ते लिहून घ्या."