बिनरेघांचे ठसे

"थांबा! बूट टबात बुडवल्याशिवाय पलीकडे जायचं नाही!" मारामा झुलत्या पुलाच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी!" गळाच्या काठ्यांची लांबडी पेटी पाठीवर घेतलेला माणूस खेकसला. "सगळं हॉटेलात धुऊन आणलंय."

"मग आणखी एकदा धुवा!" तिचा चुलतभाऊ रेवी म्हणाला.

त्या माणसानं साबणाच्या पाण्याचा टब पायानंच ढकलला आणि तो तरातरा पूल ओलांडून गेला. रेवीचा धाकटा भाऊ टामा चिंब भिजला.

डोंगरापलीकडची नदी तीन वर्षांपूर्वी मेली होती. कुणाच्या तरी ओल्या बुटांतून शेवाळ आलं आणि तळाशी तपकिरी, लिबलिबीत थर साचला. पाण्यातले किडे गुदमरले. किडेच नाहीत तर ट्राउट मासे जगणार कशावर? ही नदी अजून वाचली होती. तिचे रक्षक होते मारामाचे कोरो, म्हणजे आजोबा. मुलं सुट्टीत त्यांच्या तळावर राहून टब सांभाळत होती. कोरो स्वतः मात्र टबाला वळसा घालून जायचे. "माझे बूट तपासणार? अगं, मी या नदीत पोहायला शिकलोय!"

मारामा धुसफुसत पायवाटेकडे बघत होती. एकदम ती खाली बसली.

"रेवी, हे ठसे बघ! रेघा कुठायत?"

"कसल्या रेघा?"

"रबरी तळव्याला खाचा असतात. हा गुळगुळीत आहे. नमद्याचा तळवा!"

रेवीनं शीळ घातली. लोकरीचा नमदा शेवाळलेल्या दगडावर घसरत नाही, पण कित्येक दिवस वाळतही नाही. म्हणून तर त्याला बंदी होती!

तिघं धावत कोरोंकडे गेली. कोरो चौकशीला आले, पण त्या माणसानं, पिकरिंगनं, नुकत्याच ठोकलेल्या तंबूतून रबरी तळव्यांचे बूट काढून दाखवले.

"ही कार्टी मला खोटारडा ठरवतायत! मी वरपर्यंत तक्रार करीन!"

"पण कोरो, हे बूट कोरे करकरीत आहेत! एकदाही—"

"मारामा! माफी माग. पुन्हा असलं काही केलंस तर उद्याच घरी."

तिनं दात आवळून माफी मागितली. तिला खरा संताप पिकरिंगचा नव्हता, कोरोंचा आला होता.

"उद्या सकाळी वरच्या डोहात उतरणार," जाता जाता पिकरिंग हसला. "तिथे टब नाही ना?"

"आता काय?" टामा रडवेला झाला.

"आता किया," मारामा म्हणाली.

संध्याकाळी चावऱ्या माश्या मारत तिघं पिकरिंगच्या तंबूजवळ सरपण गोळा करू लागली.

"टामा, गाढवा! ओले बूट तंबूत ठेवलेस?" मारामा मुद्दाम ओरडली. "किया पोपट वासानं येतात, तंबू टराटरा फाडतात!"

"मग कुठे ठेवू?"

"झाडाला टांग. टांगलेल्या वस्तूला ते शिवत नाहीत!"

रेवीनं हसू दाबायला सरपणात तोंड खुपसलं. टांगलेला बूट म्हणजे कियांना खाऊच, हे तिथलं शेंबडं पोरही जाणत होतं.

सकाळी किंकाळ्यांनीच जाग आली. कोरो बाहेर धावले. पिकरिंगच्या तंबूमागच्या झाडाखाली चार हिरवे, वाकड्या चोचीचे पोपट एका बुटावर तुटून पडले होते. त्याचा करडा, नमद्याचा तळवा लोंबत होता.

"हाकला त्यांना! माझे बूट!" पिकरिंग मोज्यांवर नाचत होता.

"तुमचे?" कोरोंनी तळवा उचलून मुठीत पिळला. पाण्याचे चार थेंब टपकले. "मग ते कालचे कोणाचे?"

"हे... जुने आहेत. वापरत नाही मी!"

"न वापरता ओले? परवाना इकडे. सामान बांधा आणि निघा!"

नमद्याचे दोन्ही बूट पिशवीत बंद झाले. करकरीत नवे बूट चावत होते, त्यामुळे पिकरिंग लंगडत, माश्यांना शिव्या देत पूल ओलांडून गेला.

"टबात बुडवा!" टामा मागून किंचाळला.

मारामा हसली नाही. ती टबात नवं पाणी ओतत राहिली. कोरो शेजारी येऊन उभे राहिले.

"तुझी नजर माझ्याहून तिखट आहे," ते म्हणाले. "ऐकायला हवं होतं मी. चुकलो."

मग त्यांनी वाकून स्वतःचे जुने बूट काढले आणि तिच्यापुढे ठेवले.

"तपास."

मारामानं तळवे उलटे केले, खाचांतून बोट फिरवलं.

"चिखल आहे," ती म्हणाली. "परत घासून आणा."

आणि कोरो अनवाणी पायांनी मुकाट ब्रश आणायला गेले.