फरशीला पटलेली चाल

तालीम पेठेतली अक्काताई मगदुमांची पिठाची गिरणी लोकांच्या पायांवर चालायची. पेठेत गाड्यांना बंदी होऊन बरीच वर्षं झाली होती. शाळा, दवाखाना, भाजी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि रस्त्यांना ऊर्जाफरशी. पाऊल पडलं की ती केसभर दबायची आणि त्या दाबातून वीज निघायची. दिवे, पंप, गिरणी, सगळं त्यावर. धूर नाही, हॉर्न नाही. झकास चाललं होतं की!

पण ही फरशी पाऊल ओळखायचीही. प्रत्येकाच्या चालीला स्वतःचं वळण असतं. शास्त्रज्ञ त्याला ‘चालठसा’ म्हणत. तो बिघडला की हा माणूस लवकरच चालू शकणार नाही, असं फरशी कळवायची. मग त्याला शहराबाहेर, गाड्या असलेल्या वसाहतीत घर मिळायचं. मिळायचं कसलं, इथलं सोडावंच लागायचं. अक्काताईंचा डावा पाय ओढायला लागला आणि त्यांना नोटीस आली.

फरशी बनवणाऱ्या, पेठेतच राहणाऱ्या डॉ. मृणाल टेंबे समजूत घालायला गिरणीवर आल्या.

“काकू, इथे रिक्षासुद्धा येत नाही. उद्या पडलात तर?”

“पडले तर पेठ उचलेल! तालमीतले पैलवान काय नुसतं दूध प्यायला ठेवलेत?” अक्काताई कडाडल्या. “सासऱ्यांपासूनची गिरणी आहे, मी जात नसते. आणि माझी चाल आजारी, हे तुझ्या फरशीला शिकवलं कुणी?”

“कुणीच नाही. बहुतेक लोक जी चाल चालतात, तिला ती निरोगी मानते. वेगळी दिसली की आजारी. रोज नव्याने शिकत असते.”

“अस्सं!” अक्काताईंनी पदर खोचला आणि पाय ओढत तडक तालीम गाठली.

या पेठेची एक खोड होती. तालमीत ठरलं की घराघरांत ठरलं. कारण कुणी विचारत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान लंगडत निघाले. मग दुकानदार, मास्तरीणबाई, देवळातले गुरव. हसून हसून पुरेवाट झाली, पण एकाचाही डावा पाय सरळ पडला नाही. दिवाळीपर्यंत फरशीला तीच चाल निरोगी वाटू लागली. अक्काताईंची नोटीस रद्द झाली आणि पेठेत हलगी कडाडली.

“आमच्या नादाला लागू नका म्हणावं!” अक्काताईंनी सगळ्यांना पेढे वाटले.

वर्षभराने समोरच्या दौलत पोवाराची लेक ईरा गिरणीच्या दारात पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली. तिने उजवं पाऊल टाकलं आणि डावं ओढलं. पुन्हा उजवं, पुन्हा डावं ओढत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्काताई आतून बघत होत्या. अगं बाई, धडधाकट पोर ही!

पिठाचे हात तसेच घेऊन त्या बाहेर आल्या. “दौलत, पुरे झाली थट्टा. सरळ चालून दाखव तिला.”

दौलतने मान खाली घातली. “नको काकू. मृणालबाईंना काल नोटीस आली. सरळ चालतात म्हणून.”

अक्काताईंचा संताप अनावर झाला. त्यांनी दाराची चौकट धरली, दात-ओठ खात डावा पाय उचलला आणि सरळ पुढे ठेवला. कळ मस्तकात गेली. तरी दुसऱ्यांदा उचलला.

“येऊ दे नोटीस! माझ्याकडे बघ गं पोरी. असं चालायचं, असं.”

ईराने बघितलं. खुदकन हसली आणि डावा पाय ओढत त्यांच्याकडे निघाली.