बिनचुलीचा भाडेकरू

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली तिच्या यादीत नव्हतीच. सायकलवाल्यानेच हाक मारून सांगितलं, "वर एकजण आहे, बाई. पण असून नसल्यासारखा." शिरगणतीत नसल्यासारख्यांनाही मोजावं लागतं. ती लोखंडी जिना चढली.

ती शाळेत मास्तरीण. सरकारने यंदा तिला शिरगणतीला जुंपलं होतं आणि तिला ते झकास मानवलं होतं. दार ठोठावायचं, विचारायचं, लिहायचं आणि पुढे निघायचं. माणसांत शिरावं पण गुंतू नये, हा तिचा स्वभावच होता. स्थळं आणून आणून आई थकली होती.

दार उघडलं. कानावर पेन्सिल, बाहीवर शाई, आणि मागे भिंतभर अख्खा जिल्हा टांगलेला.

"घरात माणसं किती?"

"मोजा की. तुमचंच काम आहे."

"एक दिसतंय... तेही अर्धं साबणात."

त्याने गालाला हात लावला. अर्धी दाढी राहिलीच होती. तो असा काही ओशाळला की तिला हसू आवरायला खाली बघावं लागलं.

"स्वयंपाक कुठे करता?"

"करतच नाही. कचेरीच्या कॅन्टीनमध्ये जेवतो."

"मग तुमची नोंद होत नाही. एक चूल, एक कुटुंब. चूल नाही तर कुटुंब नाही."

"अहो, या जिल्ह्याचे पाच तालुके, तीन नगरपालिका... सगळ्यांच्या हद्दी मी आखतोय! आणि मीच खिजगणतीत नाही?"

"चूल पेटवा," ती जिना उतरता उतरता म्हणाली. "फेरतपासणीला येईन, तेव्हा धरते."

लोकसंख्या वाढली की मतदारसंघांच्या रेघा सरकतात. त्या सरकवायला राजधानीने त्याला इकडे उसना पाठवला होता.

ती फेरतपासणीला गेली तेव्हा खोलीत नवा स्टोव्ह होता आणि पातेल्यात बटाटे.

"हे उकडलेत की करपलेत?"

"हद्दीवर आहेत. दोन्ही बाजूंचा दावा आहे."

तिने एक खाल्ला. तपासणी म्हणून. मग त्याची नोंद केली आणि काम संपलं. पुढच्या आठवड्यात मात्र ती पुन्हा गेली, आणि त्याच्या पुढच्याही. सरकारने एवढ्या तपासण्या सांगितल्या नव्हत्या.

तो नकाशावर बोट फिरवत सांगायचा. हा डोंगराकडचा तालुका अंगाने सगळ्यात थोराड, पण माणसं मूठभर. हा खालचा नखाएवढा, आणि निम्मा जिल्हा यातच कोंबलेला. "ही गल्ली इकडच्या मतदारसंघात टाकली की गणित जमतं."

"गणित जमेल हो. पण गल्लीत दोघे सख्खे भाऊ राहतात. आधीच एकमेकांशी बोलत नाहीत. रेघ नेमकी त्यांच्या अंगणातून जाते."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "मी माणसं आकड्यातच पाहिली... तुम्ही भेटेपर्यंत."

खिडकीतून वारा आला, नकाशा फडफडला. दोघांनी एकदमच तो धरला, आणि सोडायचं कुणालाच सुचलं नाही.

घरी आईच्या नजरेतून काय सुटणार! "एक माणूस मोजायला इतक्या खेपा? नीट मोजता येत नसेल तर घरी आण, मी मोजते."

मग एका सकाळी पर्यवेक्षक साहेब म्हणाले, "सायकल दुकानावरचा भाडेकरू वगळा. त्याला परतीचा हुकूम आलाय. पुढचे सहा महिने ज्याचा इथे राहायचा विचार नसेल, तो आपल्या लोकसंख्येत नाही."

तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. तो जाणार याचं होतंच. पण हे तिला साहेबांकडून कळावं?

भर दुपारी ती जिना चढली. खोलीत ट्रंक उघडी होती. ती दारातच थांबली.

"बसा ना. चहा टाकतो."

"एक प्रश्न राहिलाय. पुढचे सहा महिने इथे राहायचा विचार आहे?"

"तुम्हाला... कळलं तर."

"कळलं. तुमच्याकडून नाही."

त्याने हातातला सदरा खाली ठेवला. मग म्हणाला, "इथल्या जिल्हा कचेरीत एक जागा रिकामी आहे. पगार कमी, हुद्दाही खालचा. काल अर्ज केलाय. ती मिळेल की नाही, ते कळल्याशिवाय कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"मी जागेचं विचारलं नाही. विचार आहे का, हे विचारलं."

"तुम्ही म्हणालात तर—"

"अटी चालत नाहीत. हो की नाही?"

"हो."

तिने त्याचं नाव वगळलं नाही. पेन बंद केलं, तरी ती तिथेच उभी राहिली.

"आणि तुमचा विचार?" त्याने हळूच विचारलं.

"मी जन्मापासून इथलीच. मला कुणी असलं विचारत नाही."

"मी विचारतोय."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. घंटी थांबली तशी तिने मान वर केली.

"तुम्ही इथे हवे आहात मला," ती म्हणाली. "जागा मिळो न मिळो."

आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाला असं म्हणाली होती. तिचे कान तापले. तो तर खुळ्यासारखा हसतच राहिला. मग एकदम तिच्या कागदाकडे बघून दचकला.

"पण इथे माणसं एक असंच लिहिलंय. ते बदला ना!"

"आज जेवढी आहेत तेवढीच लिहायची. बाकीची पुढच्या शिरगणतीला."

"अहो, ती दहा वर्षांनी येते!"

"बाकीची म्हटलं ना मी..." आत येऊन तिने ट्रंकेचं झाकण लावून टाकलं आणि ती त्यावर बसली. "त्यांना यायला वेळ नको?"