शिशावरचा ठसा

वीतभर रुंदीच्या भोकात, अडीच किलोमीटर खाली काय पडलंय हे कुणाला दिसत नाही. गॅसची विहीर खणताना पाइप तुटून खाली राहिला की त्याला आम्ही मासा म्हणतो, आणि तो काढायला माझ्यासारख्याला बोलावतात. मी आधी शिशाचा ठोकळा खाली सोडतो. मऊ शिसं माशाच्या डोक्यावर दाबायचं, वर काढायचं आणि उमटलेला ठसा वाचायचा. एकतीस वर्षं मी हेच केलं. माझं वाचन कधी चुकलं नाही आणि त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

हायराबोलूजवळच्या त्या विहिरीवर मी सकाळी सहाला पोचलो. सूर्यफुलांची शेतं कापून झाली होती, नुसते काळे खुंट उरले होते. धुकं इतकं होतं की विहिरीवरच्या लोखंडी मनोऱ्याचा वरचा अर्धा भाग दिसतच नव्हता. चिखलातून डिझेलचा वास येत होता.

"आले, कोळी आले!" वरून ड्रिलर इल्हामी ओरडला. "नाझ्मीदादा, जाळं आणलंत की नुसतंच पोट?"

"पाइप तोडलास तू, काढायचा मी, आणि वर तोंडही तूच चालव!"

इल्हामी माझ्या हाताखाली शिकला. त्याच्या उजव्या हाताच्या अनामिकेची दोन पेरं नाहीत. पंधरा वर्षांपूर्वी बोट साखळीत सापडलं, तेव्हा तो तुकडा रुमालात गुंडाळून मीच इस्पितळात धावलो होतो. तो काही जोडता आला नाही.

कंपनीचे साहेब तुन्जाय चहाचा ग्लास हातात धरून फेऱ्या मारत होते. "उस्ताद, अंकाराहून तासातासाला फोन येतोय. हिवाळा तोंडावर आलाय आणि आपली चूल पेटते लोकांच्या गॅसवर. ही विहीर सोडायची नाही."

दुपारी ठोकळा माशाला टेकला. पाइप खाली सोडणाऱ्या यंत्राच्या ब्रेकवर इल्हामी होता.

"दाब," मी म्हणालो.

त्यानं ठोकळ्यावर पाच टन वजन सोडलं आणि त्याच क्षणी उजवा हात झटकून किंचाळला. डाव्या हातानं त्यानं ब्रेक कसाबसा धरला. उजव्या हाताची बोटं बघता बघता सुजली, नखं काळीनिळी झाली.

"कशात सापडला रे?"

"कशातच नाही, दादा... नुसता टेकवला होता."

दिवस मावळता मावळता ठोकळा वर आला. मी चिखल पुसला. पाइपाच्या तुटक्या काठाचा गोल स्वच्छ उमटला होता. त्या काठावरून आडव्या चार खाचा गेल्या होत्या. एक खाच अर्धीच होती. पाइपाच्या आतून हात वर यावा आणि त्यानं काठ घट्ट धरावा, तशा.

इल्हामी माझ्या खांद्यावरून बघत होता. त्यानं सुजलेली बोटं त्या खाचांत ठेवली. चारही बरोबर बसली.

"दादा... मी तर इथं आहे ना?"

मी घाबरलो होतो.

"काय म्हणतंय शिसं?" जिन्यावरून तुन्जायसाहेबांनी विचारलं. मासा पकडायचा तर तो काठच बोटांसकट आवळावा लागणार; आणि पकडता येत नसेल तर पुढचं काम ठरलेलं असतं. दाते असलेलं अवजार खाली सोडायचं आणि माशाचा भुगा करायचा. मी इल्हामीच्या नखांकडे पाहिलं. ही तर नुसत्या दाबाची करामत होती.

मी हातोडा घेतला आणि ठसा ठोकून सपाट केला.

"डोकं पार चेपलंय, साहेब. पकडायला जागा नाही. दळायला गेलात तर भोक ढासळेल. सिमेंट ओता आणि विसरा."

साहेबांनी हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे..." दोन दिवसांनी सिमेंट ओतलं. इल्हामी रजेवर घरी गेला. त्याचा हात वाचवला या समाधानात मी त्या रात्री गाढ झोपलो.

बाराव्या दिवशी त्याच्या बायकोचा, सेहेरचा फोन आला. मी तसाच निघालो.

इल्हामी दिवाणावर बसला होता. उशीवर उजवा हात, बोटं आकड्यासारखी वळलेली. मूठ मिटत नव्हती, उघडतही नव्हती. बोटं आणि तळव्यामध्ये अर्ध्या इंचाची फट होती. पाइपाच्या काठाची जाडी तेवढीच असते. मी बोटं सरळ करून पाहिली. हात थंडगार होता आणि तसूभर हलेना.

"एदिर्नेचे डॉक्टर म्हणतात, रक्त नीट वाहतंय," सेहेर दारातून हळूच म्हणाली. "भावजी, यांच्या केसांत रोज सकाळी ही अशी भुकटी असते. मी झटकते, दुसऱ्या दिवशी पुन्हा..."

मी चिमटीत घेतली. राखाडी, खरखरीत. ती काय आहे हे मला विचारायची गरज नव्हती.

"दुखत नाही, दादा," इल्हामी म्हणाला. त्याचा श्वास तोकडा झाला होता. बोलताना तो मान सारखी वर ताणत होता. "पण काल डावाही..." त्यानं गोधडीतून डावा हात काढला. तोही तसाच, आकडा झालेला.

"शिशावर एकच हात होता ना?" त्यानं विचारलं.

"एकच."

"मग तो वर यायला बघतोय..." त्यानं पुन्हा मान ताणली आणि डोळे मिटले. "डोक्याला काहीतरी लागतंय, दादा. वर सिमेंट किती ओतलंत?"

सेहेर माझ्याकडे बघत होती.

"दहा मीटर," मी म्हणालो. ओतलं होतं दीडशे.