सुई टोचली तरी न रडणारी बाळं

ही गोष्ट कुणाला पटणार नाही, लावा पैज. आजवर तेवीस जणांना सांगून झाली. बावीस जण पोट धरून हसले. तेविसावा डॉक्टर होता, तो चप्पल विसरून पळाला.

एका इस्पितळात रक्त तपासणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना भिंगबाई म्हणायचे. नजर अशी, की उडता डास बघून तो नर की मादी, आणि मादी असेल तर कुणाला चावून आली, तेही सांगायच्या. बोलणं मात्र तुटक. शब्दांना जणू रेशन लावलेलं.

सकाळी अकराला प्रयोगशाळेतला फोन वाजला. वरच्या मजल्यावर नवजात बाळांचा वॉर्ड होता, तिथले मोठे डॉक्टर बोलत होते.

"भिंगबाई, तुमचं यंत्र झोपा काढतंय का?"

"काय झालं?"

"चार नंबरच्या पेटीतलं बाळ. पाच दिवसांचं. काल तुमचा रिपोर्ट चांगला, आज सकाळचाही चांगला. म्हणून औषध बंद केलं. आता दूध ओढत नाही, अंग गार पडलंय. दहा दिवसांतलं तिसरं आहे हे. आधीची दोन गेली."

भिंगबाईंना ती दोन्ही आठवत होती. म्हणजे बाळं नव्हे, आकडे. एकदोन दिवसांच्या जिवाच्या अंगात जंतू शिरले तर बरेचदा तापसुद्धा येत नाही. बाळ नुसतं मलूल पडतं. मग रक्ताला विचारायचं. जंतूंशी झुंज लागली की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते पाचाच्या खाली असेल तर काळजी नको, औषध बंद. शिवाय थोडं रक्त बाटलीत उबेला ठेवायचं आणि काही उगवतं का ते दोन दिवस बघायचं. त्या दोन्ही बाळांचा आकडा दोनच्या आसपास होता. बाटलीत काही उगवलं नव्हतं. आणि बाळं मेली होती.

"औषध पुन्हा चालू करा," त्या म्हणाल्या.

"कशाच्या जोरावर? तुमच्याच कागदावर दोन लिहिलंय. हे जंतूंचं नाही, हृदयाचं दिसतंय. तीन वाजता हृदयवाले येतील, ते बघतील. तुमचा कागद चुकला असेल तर तसं लिहून द्या. नोकरी जाईल, पण लिहून द्या."

फोन आपटला.

भिंगबाईंनी आधी यंत्र तपासलं. माहीत असलेल्या आकड्याचं रक्त घातलं. तोच आकडा आला, तसूभरही फरक नाही. मग त्या जिना चढल्या.

वॉर्डात भट्टी पेटल्यासारखं गरम. बाळांना ऊब लागते, म्हणून मोठ्यांनी घामाने निथळायचं. मोठे डॉक्टर रुमालाने मान पुसत होते. नव्या सिस्टरचे केस कपाळाला चिकटले होते. मोठ्या सिस्टर तेवढ्या लोकरीचं पूर्ण बाह्यांचं जॅकेट घालून ताठ उभ्या होत्या. तीस वर्षांची नोकरी, आणि हात इतका हलका की त्यांनी सुई टोचली तरी बाळ रडत नाही, अशी ख्याती. दुसऱ्या इस्पितळांतल्या सिस्टर तो हात बघायला यायच्या.

"जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसतात, बाई," पेटीवर वाकलेल्या भिंगबाईंना मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पेटीवर नाक लावून नाही. ते हिच्या हातांवर शोधा. ही पांढऱ्या पायाची आल्यापासून सुरू झालंय सगळं."

नवी सिस्टर खाली मान घालून रडत होती. ती महिन्यापूर्वीच आली होती.

पेटीजवळच्या स्टुलावर बाळाची आई बसली होती. टाके दुखत होते, म्हणून एका कुशीवर कललेली. "ताई, काल माझं बोट धरत होता हो," ती म्हणाली. "आज धरत नाही. मीच काही चुकले का?"

भिंगबाई पेटीकडे वळल्या. त्यांनी बाळाकडे बघितलं. कावीळ झालेलं, पिकल्या लिंबासारखं पिवळं. काविळीसाठी लावलेला निळा दिवा क्षणभर बंद करवून त्यांनी त्याचे तळवे, टाचा, मनगटं एकेक करून बघितली. डाव्या हाताला डॉक्टरांनी पहिल्या दिवशी लावलेली सलाइनची सुई होती. बाकी कातडी कोरी.

त्यांनी नव्या सिस्टरला पट्ट्याबोळ्यांच्या खोलीत नेलं.

"रक्त कोण काढतं?"

"मोठ्या सिस्टर. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

"तू बघतेस?"

"नाही. पडदा ओढून घेतात. मला कापूस आणायला पाठवतात."

"कापूस संपलेला असतो?"

"नाही. पण 'का' विचारलं की कानाखाली निघेल."

"आज बाळ रडलं?"

"हूं की चूं नाही."

"तू टोचलंस तर?"

"मी? अहो, मोठ्या सिस्टर रजेवर होत्या तेव्हा एकदाच एका बाळाला टोचलं होतं, तर बोंबलून अख्खा वॉर्ड जागा केला त्याने!"

"आजचं रक्त सलाइनच्या सुईतून काढलं असेल?"

"त्या सुईतून औषध आत जातं, ताई. बाहेर कालपासून रक्ताचा थेंब निघत नाही."

भिंगबाई प्रयोगशाळेत परतल्या. फ्रिजमधून सकाळची नळी काढून उजेडात धरली. लाल गाळ खाली बसला होता, वर पाणी. त्या पाण्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग कुणी न सांगता त्याच रक्ताच्या आणखी दोन तपासण्या केल्या आणि कागद घेऊन वर गेल्या. बारा वाजून गेले होते.

"रिपोर्ट बरोबर आहेत," त्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाल्या. "रक्त चुकीचं आहे."

"म्हणजे?"

"बाळ लिंबासारखं पिवळं आहे. त्याच्या रक्तातलं पाणीही गडद पिवळं हवं. नळीतलं फिकं आहे. काविळीचं प्रमाण मोजलं. धडधाकट माणसाइतकं."

"नळ्यांची अदलाबदल. दुसऱ्या बाळाचं असेल."

"मलाही तेच वाटलं. म्हणून हिमोग्लोबिन बघितलं. या वयाच्या बाळाचं सतरा-अठरा असतं. हे अकरा आहे. हे कुठल्याच नवजात बाळाचं रक्त नाही, डॉक्टर. मोठ्या माणसाचं आहे. तेही जरा अशक्त."

"आजवर कसं कळलं नाही?"

"तुमच्या चिठ्ठीवर दोनच तपासण्या असतात. त्या दोन्हींत निरोगी माणूस निरोगीच दिसणार."

डॉक्टरांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. "कुणाचं रक्त?"

"सलाइनची सुई सोडली तर बाळाच्या अंगावर टोचल्याची खूण नाही. म्हणून ते रडलं नाही. या भट्टीत सगळे घामाघूम आहेत, आणि एकच व्यक्ती लोकरीचं जॅकेट घालून आहे." भिंगबाई वळल्या. "सिस्टर, बाह्या वर करा."

मोठ्या सिस्टर हलल्या नाहीत. मग डॉक्टर ओरडले, तसा त्यांनी हात पुढे केला. हात वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता. नव्या सिस्टरने बाही वर सारली. कोपराच्या खळगीत सुयांच्या जागा, काही काळ्यानिळ्या, एक ताजी.

"सहा महिने झाले हात असा हलतोय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. आवाज मात्र अजिबात थरथरला नाही. "बाळाची शीर केसासारखी. सापडेना. माझ्या हाताला दोरीएवढी आहे, डोळे मिटूनही सापडते. बहुतेक बाळांना काही झालेलंच नसतं. रिपोर्ट चांगलेच यायचे. कुणाचं काय बिघडलं?"

"दोन बाळं मेली!"

"बाळं मरतात, डॉक्टर. तीस वर्षं बघतेय. या हाताला लोक नमस्कार करायचे. ते काम ही कालची पोरगी करून दाखवणार, आणि मी कोपऱ्यात लंगोट मोजत बसणार?"

"आणि हिला पांढऱ्या पायाची म्हणालात," भिंगबाई म्हणाल्या.

"कुणाला तरी म्हणायलाच हवं होतं."

स्टुलावरच्या आईने हे सगळं ऐकलं होतं. ती उठायला गेली आणि टाक्यांमुळे पुन्हा खाली बसली.

पुढे काय सांगायचं! नव्या सिस्टरने पहिल्याच टोचणीत खरं रक्त काढलं. आकडा आला ब्याण्णव. औषध धो धो सुरू झालं. हृदयवाले आले तसे परत गेले. मोठ्या सिस्टरना दोघांनी दंडाला धरून नेलं. आणि तीन वाजता त्या बाळाने डोळे उघडले, आईचं बोट घट्ट धरलं, तिला ओळखलं आणि असं खुदकन हसलं, असं हसलं, की सगळा वॉर्ड...

"आजोबा, थांबा." ऐकणाऱ्यांतली एक बाई, मांडीवर तान्हं घेऊन बसलेली, मध्येच बोलली. "थापा पुरे झाल्या. माझी तीन झालीत. पाच दिवसांचं बाळ आईला ओळखून हसत नाही, धडधाकट असलं तरी हसत नाही. खरं सांगा. गेलं ना ते?"