हळदीच्या शेडमधली लाल गाडी

सन २००४. त्या मे महिन्यात वसमतला असं ऊन पडलं होतं, की दुपारी हापशाचा दांडा धरला तर तळहात भाजायचा आणि शहाणी माणसं बाराच्या आत घरात शिरून दार लावून घ्यायची. अशा उन्हात एक माणूस मात्र मुद्दाम पुण्याहून आला होता. ऊन खायला!

त्याचं नाव विश्वजीत. हळदीचे व्यापारी सूर्यकांतराव यांचा तो भाचा. त्याची एक लाल, शर्यतीची गाडी होती. इतकी बुटकी, की तिच्यात बसणं म्हणजे सतरंजीवर बसल्यासारखंच! जूनमध्ये वाळवंटातल्या रस्त्यांवर एक मोठी शर्यत होती आणि त्यात ही गाडी धावणार होती.

"वाळवंटात जसं ऊन, तसंच तुमच्याकडे, मामा," आल्या दिवशी तो म्हणाला होता. "इथं गाडी थंड राहिली, तर तिथंही राहील."

पण गाडी थंड राहायलाच तयार नव्हती!

"आली, आली!" शेडसमोरच्या कडुलिंबाच्या झाडावरून सेवा ओरडला. "आजबी वाफ सोडून राहिली! चहाच्या किटलीवाणी!"

"गप रे!" खालून निलम करवादली. ती बारा वर्षांची, सेवा तिचा धाकटा भाऊ. दोघं तांड्यावरून रोज आईबरोबर इथं येत. त्यांची आई अनुसयाबाई, तिला ती 'याडी' म्हणत, सूर्यकांतरावांच्या शेडमध्ये हळदीच्या कामावर होती. मोठा भाऊ योगेशही तिथंच राबायचा. योगेशला यंत्रांचा भारी नाद. विश्वजीतनं त्याला शब्द दिला होता, "गाडी नीट चालली, की तुला पुण्याला नेतो. मित्राच्या गॅरेजात काम शीक." तांड्यावर ही बातमी घरोघर पोचली होती. निलमनं तर दादासाठी पिशवीसुद्धा शिवून ठेवली होती.

आणि ही गाडी रोज उकळत होती!

गाडी फुसफुसत शेडमध्ये शिरली. विश्वजीतनं चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि हातमोजे जमिनीवर आपटले.

"पंप नवा, पाइप नवे, कूलंट नवं! तरी वारंगा फाटा दिसला, की काटा लाल रेषेवर! करायचं तरी काय?"

"उन्हाचा दोष आहे," सूर्यकांतराव म्हणाले. त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण आधीच ठाऊक असे. "रोजच्यासारखी आत घे. तिकडे ड्रमजवळ गार सावली आहे. योगेश, ओलं गोणपाट टाक वरून!"

शेडच्या कोपऱ्यात हळद पॉलिश करायचा मोठा लोखंडी ड्रम गडगडत होता. वाळलेली हळकुंडं त्यात फिरून फिरून गुळगुळीत होत आणि त्यांची पिवळी धूळ अन् मुळ्यांची तुसं शेडभर उडत. विश्वजीत रोज संध्याकाळी गाडी फडक्यानं पुसून आरशासारखी चकचकीत करायचा.

आज गाडी निवल्यावर त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"सकाळी काठोकाठ भरलं होतं. आता अर्धं! कुणीतरी कूलंट काढतंय. शेडची चावी कुणाकडे असते?"

सगळ्यांच्या नजरा योगेशकडे वळल्या.

"मी काहून काढू, दादा?" योगेश पुढं आला. "ते उकळून उडून गेलं असंल."

"एवढं? शक्य नाही!"

"बस झालं," सूर्यकांतरावांनी निकाल देऊन टाकला. "उद्या गाडी धुऊन दे आणि तांड्यावर जा. पुन्हा इकडे फिरकू नकोस. पुण्याचं तर विसरच!"

याडी ड्रमपाशी तशीच थिजून उभी राहिली.

लिंबाखाली तिघांची सभा भरली. तिसरी म्हणजे देवश्री, सूर्यकांतरावांची मुलगी, निलमच्याच वयाची.

"बाबांना काही सांगायला गेलं, की 'तुला काय कळतं' म्हणतात," ती धुसफुसली. "बारा वर्षं तेच ऐकतेय!"

"गाडी खालून गळत असंल," निलम म्हणाली. "तेवढं दाखवून दिलं, तरी दादा सुटतो."

त्यांनी रद्दीतली वर्तमानपत्रं आणून गाडीखाली अंथरली. सकाळी तिघं धावत गेली. कागद ठणठणीत कोरडे! देवश्री घाईघाईनं बाबांना म्हणाली, "बाबा, गाडी गळत नाहीये!"

"पाहा! म्हणजे चोरलंच!" सूर्यकांतराव टाळी वाजवून म्हणाले.

सेवानं कपाळावर हात मारला. "आपण दादाला सोडवून राहिलो, का अडकवून?"

निलमला रडूच यायचं बाकी होतं. मोठ्या माणसांना काही दाखवावं, तर ते त्यातून भलतंच बघतात!

योगेश गाडी अंगणात ढकलत नेऊन धुवायला बसला. मान खाली. बादलीत त्यानं धुण्याचा सोडा कालवला आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर तांब्या ओतला. थोड्या वेळानं सेवा किंचाळला, "रगत! रगत!"

गाडीच्या नाकाखालून लाल पाणी वाहत होतं. लालभडक! विश्वजीत धावत आला. सूर्यकांतराव चहाचा कप हातात घेऊनच आले.

"अरे देवा! कुणाला तरी उडवलंय!" ते ओरडले. "योगेश! चोरून गाडी चालवलीस? शेळी होती, का माणूस?"

"मी हात न्हाई लावला, मालक! चावी विश्वजीतदादापाशी असती!"

"खोटं बोलू नकोस! पोलिसांनाच बोलावतो!"

निलम त्या लाल पाण्याकडे एकटक बघत होती. हा रंग तिनं कुठंतरी पाहिला होता. कुठं? ड्रमवरून आल्यावर रोज याडी पिवळी झालेली साडी नदीवर धुते, साबण लावते आणि...

"थांबा!" ती ओरडली. "रगत न्हाई ते! हळद हाय!"

"हळद पिवळी असते, पोरी," सूर्यकांतराव हसले. "तीस वर्षं मी हळद विकतोय!"

"विकता, पण धुता कुठं?" सेवा पटकन म्हणाला, आणि देवश्रीला इतक्या ताणातही हसू फुटलं.

निलमनं शेडमधून चिमूटभर पिवळी धूळ आणली, ओट्यावर टाकली आणि वर सोड्याचं पाणी शिंपडलं. क्षणात ओट्यावर लाल डाग उमटला!

"व्हय की," ड्रम थांबवून आलेली अनुसयाबाई म्हणाली. "माझी सारी लुगडी अशीच लाल होत्यात."

सूर्यकांतरावांनी चहाचा घोट गिळला.

"पण गाडी तर मी रोज पुसतो," विश्वजीत गोंधळून म्हणाला. "हळद राहीलच कुठं?"

"भायेरून पुसता. हे पाणी आतून येऊन राहिलं," असं म्हणत निलमनं खराट्याची एक काडी मोडली, गुडघ्यांवर बसली आणि ती जाळीतून आत घातली. आत दोन जाळ्या होत्या: पुढची एसीची, मागची रेडिएटरची, आणि मधे बोटभर फट. काडी फिरवून तिनं बाहेर काढली, तर टोकाला तुसांचा पिवळा गुंता! पुढची जाळी चकचकीत, अन् मधली फट गादीसारखी भरलेली!

"पण गाडी बंद असताना एवढं आत जाईल कसं?" विश्वजीत अजून मानायला तयार नव्हता.

देवश्री म्हणाली, "दादा, एक फेरी मारून आण ना गाडी. रोजच्यासारखी शेडमध्ये ड्रमजवळ लाव. आणि अनुसयाबाई, गाडी थांबली, की मग ड्रम सुरू करा!"

"अगं, पण..."

"दादा, एकदा तरी आमचं ऐक!"

विश्वजीत गेला आणि थोड्याच वेळात फुसफुसत परतला. गाडी ड्रमजवळ थांबली, इंजिन बंद झालं. पण गाडीच्या नाकात काहीतरी घरघरतच राहिलं. रोज ड्रमच्या गडगडाटात ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

"पंखा," योगेश पुटपुटला. "इंजिन गार होईस्तोवर तो फिरतो."

मग अनुसयाबाईनं ड्रम सुरू केला. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत पडला होता. त्यात पिवळी धूळ दिसत होती. ती वर जात नव्हती, खाली पडत नव्हती. वळून, धार धरून, थेट गाडीच्या नाकात शिरत होती! सेवानं वर्तमानपत्राचं पान पुढं धरलं. फट्! पान जाळीला जाऊन चिकटलं.



"म्हणजे," विश्वजीत हळूच म्हणाला, "गाडी जास्त तापली, की आपण ती जास्त वेळ सावलीत ठेवायचो, आणि ती जास्त हळद ओढून घ्यायची. मग पाणी उकळून उडून जायचं. योगेश... तू तेच सांगत होतास. चुकलो रे मी!"

योगेशनं फक्त डोळे पुसले. मग स्वतःच पाने-पकडी घेऊन बसला. रेडिएटर खोलला आणि फवारणीच्या पंपानं मागून पुढं पाणी मारून दोन्ही जाळ्या धुतल्या. अंगण लाल-पिवळं झालं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी गाडी वारंगा फाट्याला जाऊन आली. काटा मधोमध, जागचा हलला नाही!

सूर्यकांतराव ओट्यावर उभे राहिले, दोनदा खाकरले. "मी योगेशला नको ते बोललो. आणि देवश्री, निलम, सेवा, तुम्ही आम्हा मोठ्यांपेक्षा नीट बघितलंत. शाबास!" मग न राहवून म्हणाले, "तशी त्या ड्रमची शंका मला आधीपासून होतीच!"

"बाबा!" देवश्री ओरडली, आणि सगळं अंगण हसलं.

त्या शर्यतीत गाडीचा एका खड्ड्यात आस मोडला आणि ती शेवटापर्यंत काही पोचली नाही. तापली मात्र नाही! विश्वजीतनं पुढं शर्यती सोडून पुण्यात दुकान टाकलं. सूर्यकांतरावांनी ड्रम गावाबाहेर नेला आणि अखेरपर्यंत ती शंका आपलीच असल्याचं सांगत राहिले. देवश्री नांदेडला वकील झाली. तिथं तिचं म्हणणं लोकांना ऐकावंच लागतं. सेवा ट्रक घेऊन देशभर हिंडतो. अनुसयाबाई आता ड्रमवर जात नाही. तांड्यावर नातवंडं सांभाळते. निलम कळमनुरी तालुक्यात विज्ञान शिकवते आणि दरवर्षी पहिल्या तासाला हळदीवर सोडा टाकून मुलांना घाबरवते.

आणि योगेश? निलमनं शिवलेली पिशवी घेऊन तो पुण्याला गेला, शिकला आणि परत आला. वारंगा फाट्यावर त्याचं गॅरेज आहे. उन्हाळ्यात कुणी उकळती गाडी घेऊन आलं, की तो आधी बॉनेट उघडत नाही. गिऱ्हाइकाला सावलीत बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, "गाडी लावता कुठं?"