येळवशीला कोण आलं?

तुळजाचा फॉर्मांचा गठ्ठा बसच्या टपावरून औरादच्या बाजारात पडला. ती उतरून धावत पोचेपर्यंत भज्यावाल्यानं त्यातले निम्मे पुड्यांना लावलेसुद्धा!

एक उंच, कुरळ्या केसांचा तरुण मिरचीभजं चघळत त्यातलाच एक कागद वाचत उभा होता.

"ते माझं हाय," तुळजा धापा टाकत म्हणाली.

"भजं?"

"फॉर्म! गुलबर्ग्याला पीएचडी करायलेय मी."

"मग असा सवाल कामून? 'कुटुंबातील किती सदस्य रोजगारार्थ स्थलांतरित आहेत?' ह्याला कुणी खरं सांगनार न्हाई, मॅडम."

"तुम्ही कोण सांगणार?"

"व्यंकट. झेरॉक्सवाला. लोकांचे कागद रोज बघतो की."

त्यानं कागद रुमालानं पुसून तिच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली... तेलकट होती. तरी तिनं हात लगेच काढला नाही. का, ते तिलाही कळलं नाही.

तिच्या मार्गदर्शकांनी, श्रीपतराव सरांनी, बजावलं होतं, आधी आकडे, मग बायांच्या मुलाखती, मग दोन्हींची जोड. महिन्याभरात हा आराखडा विद्यापीठाच्या समितीला पटला नाही, तर पीएचडीची नोंदणीच रद्द.

वाट दाखवायला आलेल्या व्यंकटच्या मोटारसायकलवरून एकशेवीस घरं झाली. एकशेवीस घरांतलं एकही माणूस बाहेरगावी नव्हतं! कुलूपबंद घराबद्दलही शेजारीण सांगे, "घरीच हायत." शकुबाई तर छातीठोक म्हणाली, "मालक रानात गेलेत." तेवढ्यात व्यंकटचा मोबाईल वाजला; बाहेरगावच्यांचे फोन त्याच्याकडंच यायचे. पलीकडून मालक ओरडले, "हैदराबादहून बोलायलोय! शकूला द्या की!"

शकुबाईनं फोन घेतला, पदर सावरला आणि दटावलं, "तुमी रानात हाव. गुमान ऱ्हावा!"

व्यंकट हसून हसून गाडीवरून घसरला. तुळजाला मात्र रडू फुटलं.

तसा तो ओशाळला. "मागं रेशनकार्ड तपासायला असेच कागद घेऊन आले व्हते. ज्यांची माणसं भायेर, त्यांची नावं कार्डावरनं उडाली. कागद दिसला की सगळं गाव घरी असतंय... आता परत जाता का?"

"मी? आता तर हलतच न्हाई!" तिनं डोळे पुसले. "आधी ऐकते. फॉर्म मागनं."

आठ दिवस ती कागद-पेन न घेता बायांसोबत तुरी बडवत बसली. हाताला फोड आले. व्यंकट मलम आणायचा, लावताना उगाच वेळ लावायचा. "दुखायलंय?" "न्हाई." "मग अजून थोडं लावतो."

आणि कुणी न विचारता बाया येळवशीचं सांगू लागल्या. त्या अवसेला रानात जेवायला घरचं माणूस कुठूनही येतंच.

"आमचे चौघं हैदराबादहून आले!" शकुबाई म्हणाली.

"आमचे सहा! पुण्याचे दोन!" शेजारीण उसळली.

तुळजाच्या हातातलं दांडकं तिथंच थांबलं. नव्या फॉर्मवर पहिला सवाल आला, 'यंदा येळवशीला तुमच्या रानात जेवायला कोण कुठून आलं?' बढाईला चाळणी म्हणून दुसरा, 'त्यांची नावं, आणि ते तिकडं काय काम करतात?' एकशेवीस घरांनी भरभरून माणसं मोजून दिली.

"क्रम उलटा केलात," समितीसमोर श्रीपतराव सर गुरगुरले.

"सर, विचारायचं कसं, हे ऐकल्यावरच कळलं. म्हणून आधी बोलणं, मग आकडे."

समितीनं तासभर छळलं. ती तसूभर हलली नाही. आराखडा मंजूर झाला!

दुसऱ्या दिवशी ती थेट झेरॉक्सच्या दुकानात. व्यंकट कुणाचा तरी जातीचा दाखला मशीनवर ठेवत होता.

"काय झालं?"

"मंजूर. आता दोन वर्षं औरादलाच."

"दोनच...?" त्यानं मशीनचं झाकण लावलं.

"दोन अभ्यासाची. पुढल्या वर्षांचं विचारायला आलेय. मला तुम्ही आवडता — सरळ सांगते. घरच्यांना मी बघून घेते."

एरवी गावभर बडबडणारा व्यंकट बटणावर बोट दाबून खांबासारखा उभा राहिला. मशीन दाखल्यांवर दाखले ओकायला लागलं... वीस... तीस...

"अहो, मशीन!"

"ऱ्हाऊ दे गं ते! तू... तू तेवढी जाऊ नको."

"न्हाई जात," ती म्हणाली, आणि भिंतीवरचं बटण तिनंच बंद केलं.